शेऱ्याचा रकाना

८ जानेवारी

ती. आईस,
शेंडेफळाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, तोंड फुगवून बसू नकोस. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

आपल्या पोहण्याच्या क्लबात मला कुठली खोली दिली असेल, सांग बघू. तुझी गाद्या-उशांची कोठी. पाणी गाळायच्या यंत्राची घरघर दिवसभर भिंतीतून येत असते आणि डब्यातल्या पोळीलाही क्लोरीनचा वास लागतो. फळीवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून तशीच आहे, ‘उशा मोजून देणे, मोजून घेणे’. ती कुणी लिहिली असं नवीन मुलं विचारतात. बावीस वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलेल्या बाईंनी, म्हणजे माझ्या आईने, असं सांगितलं की मोठ्या मुली ताठ बसतात. तू नुकतीच निवृत्त झालीस, तुझा धाक काही झाला नाही.

शेजारणी विचारतात ना, मुलगी काय काम करते म्हणून? सांग त्यांना, पाण्यात हातपाय कसे मारायचे ते सर शिकवतात आणि शर्यतीआधी पोटात गोळा येतो त्याचं काय करायचं ते मी शिकवते. प्रत्येक मुलाला मी एक वही दिलीय. मनात येईल ते लिहायचं आणि वही माझ्या कपाटात कुलपात ठेवायची. त्याने सांगितल्याशिवाय मी ती उघडत नाही.

पहिल्या आठवड्यात मी भिंतीवर एक कागद लावला होता. मानसशास्त्राच्या अभ्यासात आमच्याकडून तसं घोटूनच घेतलंय. तुझं गुपित मी जपीन, पण कुणी तुला इजा करत असेल तर मात्र मला ते सांगावं लागेल, असं त्यावर लिहिलं होतं. सरांनी वाचलं आणि हसले. म्हणाले, अगं, पोरं दारातूनच पळतील. आणि खरंच कुणी तोंड उघडत नव्हतं. मग मी तो कागद काढला. आता एवढंच सांगते, की या खोलीतलं या खोलीतच राहील. तेव्हापासून पोरं भडाभडा बोलतात. शेवटी अनुभव तो अनुभव.

काठावर उभं राहिलं की माझे पाय अजून शिवशिवतात. अकराव्या वर्षी कानाचं दुखणं निघालं नसतं तर मीही दोन-चार पदकं आणली असती की. इथल्या डॉक्टरांना परवा सहज कान दाखवला. ते म्हणाले, कान ठणठणीत आहे, जुन्या दुखण्याची खूणसुद्धा नाही. तुझा गुडघा कसा आहे ते लिही. दादा-वहिनींना नमस्कार.

माया आहेच, ती पत्रातून पोचवत राहा.

तुझी,
शेंडेफळ

*

१५ जानेवारी

चि. शेंडेफळास,
आईचे अ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा सुनेला ऐकू जाईल असं. गुडघा आहे तिथेच आहे, पळून जाईल अशी त्याची अवस्था नाही.

सरांच्या हाताखाली लागलीस, माझा जीव भांड्यात पडला. तुझे बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि दादा दहाचा. सख्ख्या दिरांनी पाठ फिरवली तेव्हा या माणसाने मला नोकरी दिली, राहायला खोली दिली. तुला पाण्यात पहिल्यांदा धरलं तेही त्यांनीच. ते सांगतील तसं कर, फार शहाणपणा पाजळू नकोस.

इथे एक नवीन कटकट. माझ्या ये-जा नोंदवह्या मी घरी आणल्यात ना, त्या तुझ्या वहिनीच्या डोळ्यात खुपतात. बारा वह्या आहेत, कपाटाचा खालचा खण भरलाय. तिकडे कॉम्प्युटर आला म्हणून ऑफिसने मला त्या रद्दीत घालायला सांगितल्या. माझा हात धजला नाही. कुठली मुलगी वसतिगृहातून कुठे गेली, कुणाकडे, किती वाजता, परत किती वाजता, तिची सही, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. बावीस वर्षांत एकदाही खाडाखोड नाही. आणून दाखव म्हणावं त्या कॉम्प्युटरला असं अक्षर. सूनबाई म्हणते, रद्दी घालून खणात चादरी ठेवू. मी म्हटलं, मी गेल्यावर घाल.

कानाचं काय घेऊन बसलीस? लहानपणीची दुखणी लहानपणीच बरी होतात. डॉक्टरांना काही काम नाही वाटतं. वेळेवर जेवत जा.

आठवण ठेव, आणि पुढचं पत्र इतकं लांबवू नकोस.

तुझी आई

*

१९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र एकटी असताना वाच. मोठ्याने तर वाचूच नकोस.

माझ्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी येते. नाव लिहीत नाही, खरं तर एवढंही लिहू नये. मी तिला चौथ्या लेनवाली म्हणते, कारण ती नेहमी तिथेच पोहते. वसतिगृहात राहते. डिसेंबरपासून तिची पोहण्याची वेळ घसरत होती. सगळ्या मुली निघून गेल्याशिवाय ती पाण्याबाहेर येत नाही आणि आली की दोन टॉवेल गुंडाळून घेते. मला वाटलं, हिला शर्यतीची धास्ती बसलीय.

गेल्या आठवड्यात तिने मला तीन वेळा विचारलं, की इथलं खरंच इथेच राहतं का. तीनही वेळा मी हो म्हणाले. मग ती बोलली. काय बोलली ते मी लिहिणार नाही. सरांची वरच्या मजल्यावरची खोली आहे ना, जिथे ते मुलींचे स्नायू मोकळे करायला बोलावतात, तिथलं आहे ते. आणि मुलांच्या बाबतीत कधीही, कुठेही घडू नये असं आहे.

ती बोलून थांबली, आणि मला त्या काढून टाकलेल्या कागदाची आठवण झाली. आता मला हे सांगावंच लागणार होतं आणि मी तर नाही सांगणार असा शब्द देऊन बसले होते. मी तिला समजावायला गेले. तिने ऐकून घेतलं, कपाट उघडायला सांगितलं, आपली वही घेतली आणि गेली. रडलीसुद्धा नाही. मी आधीच खरं सांगितलं असतं तर कदाचित ती आणखी महिनाभर बोलली नसती, पण जेव्हा बोलली असती तेव्हा पुढे काय होणार हे जाणून बोलली असती. सरांच्या एका हसण्यावर मी तो कागद काढला. त्यांना तो का नको होता हे आता कळतंय आणि माझीच लाज वाटते.

मी क्लबच्या समितीकडे लेखी तक्रार दिली आहे, आणि सरकारच्या बालसंरक्षण अधिकारी बाईंकडेही. तुला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. माझ्या पाठीशी राहा एवढंच मागते.

तुझी,
शेंडेफळ

*

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ज्या घरचं खाल्लं त्याच घरचे वासे मोजायला निघालीस. त्या माणसाने आपल्याला उभं केलं नसतं तर तू आज हे शिक्षण घेऊन कुणाच्या भिंतीवर कागद चिकटवले असतेस?

या वयातल्या मुली काय वाटेल ते बोलतात. बावीस वर्षं मी त्यांच्यात काढली आहेत, तू दोन महिने. वेळ घसरली की कुणावर तरी खापर फोडायचं असतं. सोमवार-गुरुवार सहाला वर जायचं हा सरांचा पहिल्यापासूनचा नेम आहे. त्यात चोरून काही नव्हतं, मीच धुतलेला टॉवेल देऊन मुलींना पाठवत असे. वर काही वावगं असतं तर मला कळलं नसतं? मी काय डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते?

उद्याच्या उद्या जा आणि तक्रार मागे घे. चुकले म्हण. सर मोठ्या मनाचे आहेत. तोवर मला पत्र लिहू नकोस.

आई

*

११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे.

समितीने मला बोलावलं. अध्यक्ष, क्लबचे डॉक्टर आणि एक पालक, तिघे लांब टेबलाच्या पलीकडे. सर बाहेर बाकावर बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत. अध्यक्षांनी विचारलं की मुलीला गुपित ठेवीन म्हणून सांगणारी मी खरी, की ते फोडणारी मी खरी, आणि अशा बाईचा शब्द त्यांनी का धरावा. मुलीला विचारलं तर तिने मान हलवून नाही म्हटलं. तिचे वडील शेजारीच उभे होते. महिन्यावर संघाची निवड आहे म्हणे. मला मुलांना भेटायला बंदी केली आहे. कोठीला नवीन कुलूप लागलंय. सर रोज काठावर उभे असतात, शिटी गळ्यात घालून. मुलगी चौथ्या लेनमध्ये असते. मी हे फाटकाबाहेरून पाहते आणि घरी जाते.

अधिकारी बाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, मुलगी गप्प आहे, जुन्या मुली कोण ते कुणी सांगत नाही, हात घालायला काहीतरी लागेल. त्यांनी वसतिगृहाच्या जुन्या नोंदी मागितल्या. ऑफिसने लिहून दिलं, की कॉम्प्युटर आला तेव्हा त्या नष्ट केल्या.

आई, मी माझ्या पत्रात वार लिहिला नव्हता, वेळही लिहिली नव्हती. सोमवार, गुरुवार, सहा वाजता हे तुझ्या पत्रात तू आपणहून लिहिलंस. मुलीने मला हेच दोन वार सांगितले होते.

त्या बारा वह्या मला हव्या आहेत. तू सरांवर विश्वास ठेव, मी मुलीवर ठेवते, आपण वह्यांना विचारू. त्यात काही नसेल तर मी सरांच्या पाया पडून माफी मागेन, तुझ्यासमोर. पण ती मुलगी पुढच्या सोमवारी पुन्हा जिना चढणार आहे. तेवढं ध्यानात घेऊन काय ते ठरव.

तुझीच,
शेंडेफळ

*

२० मार्च

चि. धाकटीस,
दादाचे अ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा थोडक्यात लिहितो. तुमच्या दोघींत काय चाललंय ते आईने सांगितलं नाही, पण तुझं पत्र उशीखाली होतं, ते मी वाचलं. त्याबद्दल नंतर शिव्या दे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आईने स्वतः रद्दीवाल्याला हाक मारली. तुझी वहिनी खूशच झाली. आईने बाराही वह्या एकेक करून तराजूत ठेवल्या. त्याने काटा बघितला आणि उचलायला लागला, तर आईने तराजूची साखळी धरून ठेवली. सोडेचना. तो बिचारा म्हणाला, आजी, भाव वाढवून देतो. शेवटी मीच त्याला वाटेला लावलं.

तेव्हापासून ती जमिनीवर बसून वह्या वाचते. ओळीवर पट्टी ठेवून, एक ओळ झाली की पट्टी खाली. चार घास खाते आणि परत तेच. गुडघ्याचं सांगितलं तर ऐकत नाही. काल मला विचारलं, की तुला लहानपणी धाकटीचा कान दुखलेला आठवतो का. मी म्हटलं, मला नाही आठवत. त्यावर तिने पट्टी एक ओळ खाली सरकवली. तू जप.

दादा

*

२ एप्रिल

चि. शेंडेफळास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

बाराही वह्या वाचून झाल्या. मी एका कागदावर नावं वेगळी काढली. सोमवार-गुरुवार सहा वाजता वर गेलेल्या एकतीस मुली. बाकी मुली कधीमधी दुखापत झाली तर जात. या एकतीस जणी महिनोन्महिने गेल्या आहेत. मुलगे कधी गेल्याचं मला आठवत नाही, आणि मुलग्यांचे स्नायू आखडत नाहीत का, हा प्रश्न मला बावीस वर्षांत पडला नाही.

चौथ्या वहीत एक मुलगी आहे, तिला सगळे बडबडी म्हणत. तोंडाचा पट्टा सतत चालू. तिची पहिली सही अर्धा रकाना भरून आहे, खाली फराटा मारलेला. सहा महिन्यांनी तीच सही मुंगीएवढी झाली आहे. मी ती दर सोमवारी, दर गुरुवारी बघत होते. एकदा ती माझ्या पदराला धरून म्हणाली होती, की मला आज वर पाठवू नका. मी तिला म्हटलं, सर तुझ्यावर मेहनत घेतात, दुसऱ्या मुली यासाठी तरसतात. टॉवेल दिला आणि पेन पुढे केलं. त्या दिवशीचा शेरा माझ्याच अक्षरात आहे, ‘मुलगी हट्टी’. पुढच्या वर्षी ती वसतिगृह सोडून गेली. त्यापुढे मी लिहिलंय, ‘शिस्त न मानवल्याने’.

वर काही वावगं नव्हतं असं मी तुला मागच्या पत्रात लिहिलं. आता खरं सांगते. तू अकरा वर्षांची होतीस. सरांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं, की पोरीत गुण आहेत, पुढच्या महिन्यापासून तिला सोमवार-गुरुवार सहाला वर पाठवत जा. मी हो सर म्हटलं. खोलीवर आले, तू दप्तर उघडून बसली होतीस. दुसऱ्या दिवशी मी सरांना जाऊन सांगितलं, की हिच्या कानात बिघाड झालाय, डॉक्टरांनी पाणी बंद केलंय. तू आठवडाभर रडलीस. मी तुझ्या कानात कापूस घालून तुला शाळेत पाठवत होते.

तुझा कान कधीच दुखत नव्हता.

मग मला काय कळलं होतं, आणि कळलं होतं तर बाकीच्या मुलींच्या हातात मी पेन कसं देत होते, हे मी स्वतःला रोज विचारते. उत्तर एकच येतं आणि ते वाईट आहे. नोकरी जाईल, खोली जाईल, दोन पोरं घेऊन कुठे जाऊ, ही भीती होती. आणि त्या मुली माझ्या नव्हत्या. तुला वाचवायला मला एक थाप पुरली. त्यांच्यासाठी तीही मारली नाही.

वह्या दादाबरोबर पाठवते आहे. त्या अधिकारी बाईंच्याच हातात दे, क्लबमध्ये कुणाला दाखवूही नकोस. जबाब द्यायला मी येईन. गुडघ्याचं निमित्त मी सांगणार नाही. माझ्यावर जो काही ठपका येईल तो येऊ दे.

शेवटच्या वहीत तुझ्या चौथ्या लेनवालीचंही पान आहे. तू नाव लिहिलं नव्हतंस तरी मी ओळखलं. तिच्या शेऱ्यात मी काय लिहिलंय ते तू बघशीलच, मला ते इथे पुन्हा लिहवत नाही.

मला माफ कर असं म्हणत नाही. तुझ्याकडे ते मागायचं नाही, ज्यांच्याकडे मागायचं त्या एकतीस जणी आहेत.

तुझी आई

*

२१ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पुरं वाचलं, मग दोन दिवस उघडलं नाही. रागावले आहे, तुझ्यावर आणि माझ्यावरही, कारण मी त्यातून सुटले याचा मला आधी आनंद झाला आणि मग त्या मुली आठवल्या. हा राग इतक्यात जाणार नाही. गेला असं खोटं सांगणार नाही, खोटं आपल्या घरात खूप झालं.

आता बातमी. दादाने वह्या थेट अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवल्या. तुझी यादी लावून त्यांनी अकरा जणींचा पत्ता काढला. चार बोलायला तयार झाल्या, बडबडी त्यात नाही. तिच्या भावाने सांगितलं, की ती असते कुठेतरी, घरी कुणाशी बोलत नाही. चौघींचे जबाब झाल्यावर पोलीस सरांना क्लबमधून घेऊन गेले. अध्यक्षांनी मला फोन करून सांगितलं, की त्यांना पहिल्यापासून शंका होती. मी फोन ठेवून दिला.

चौथ्या लेनवालीने पोहणं सोडलं. निवडीला ती नव्हती. वडिलांनी तिला घरी नेलंय, आणि ते आता माझ्याकडे बघू शकत नाहीत. परवा अधिकारी बाईंच्या ऑफिसात तिची माझी भेट झाली. मी सगळ्यात आधी तो नियम तिला सांगितला, जो पहिल्या दिवशी सांगायला हवा होता. ती म्हणाली, की आता सांगून काय उपयोग. ती बरोबर बोलली. मी चूक कबूल केली आणि पुढे काही समर्थन केलं नाही.

मग तिने विचारलं, की वहीत तिच्याबद्दल काही लिहिलं आहे का. बाईंनी मूळ वही दिली नाही, ती पुरावा आहे. पानाची झेरॉक्स काढून दिली. तिने तुझं अक्षर ओळखलं. सोमवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार, एकेक ओळीवरून बोट फिरवत ती खाली आली. शेऱ्याच्या रकान्यात तू सगळीकडे तेच लिहिलं आहेस, ‘शांत मुलगी. तक्रार नाही.’ सतरा वेळा.

तिने बाईंकडे पेन मागितलं. सतरा ठिकाणी ‘नाही’ खोडलं, घाई न करता, आणि प्रत्येकाच्या वर ‘आहे’ लिहिलं. मग खाली सही केली, मोठी, रकान्याबाहेर जाणारी, आणि तो कागद बाईंकडे सरकवून म्हणाली, की आता माझा जबाब लिहून घ्या.

बुधवारी तुझा जबाब आहे. मी स्टेशनवर घ्यायला येते. सामान थोडंच आण, गुडघ्याला झेपेल एवढं. माझ्याकडे दोन दिवस राहा. काय बोलायचं ते मला माहीत नाही, पण जेवायला बरोबर बसू.

तुझी,
शेंडेफळ